खुंटावरची भरती

अमिरातीच्या वाळवंटातल्या अल ऐन शहरी, एका खासगी संग्रहालयात चारशे वर्षांपूर्वीचा एक खुंट आला होता. अमेरिकेच्या किनाऱ्यावर वस्ती करायला निघालेल्या इंग्रजांनी आपले पहिले गलबत याच खुंटाला बांधले, अशी त्याची कहाणी.

काचपेटीतली हवा कोरडी राखणे हे हेमचंद्रांचे काम. ओल चढली तर लाकडाचा भुगा होणार, आणि चाळीस वर्षांच्या चोख नोकरीला शेवटच्या महिन्यात बट्टा लागणार.

तरीही ओल चढे. दिवसातून दोनदा चढे, दोनदा उतरे, आणि रोज पाऊण तास उशिरा. पेटीला कुठे फट नव्हती. ओल मोजणारे यंत्रही तीनदा बदलून झाले होते.

अखेर त्यांनी नोंदवही अक्रमला दाखवली. तो मूळचा श्रीवर्धनचा. दालनातले दिवे सांभाळी.

"खलास! काका, ही तर भरती-ओहोटी," अक्रम हसला. "समुद्र इथून दीड तासावर, आणि तुम्ही भरती डब्यात भरून ठेवलीत?"

"चेष्टा पुरे. आज किती चढेल ते सांग."

अक्रमचे हसू मावळले. "आज अमावास्या, म्हणजे उधाण. आमच्याकडं उधाणालाच मोठी गलबतं आत येतात."

भर दुपारी दालन निर्मनुष्य होते. यंत्राचा काटा चढू लागला. खुंटावरून ओलीची रेघ वर सरकत आली आणि निम्म्यावर थांबली. हेमचंद्रांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात लाकडाभोवती एक वळ उमटला, कुणी ओला दोर आवळावा तसा. खुंट करकरला आणि सावकाश हेमचंद्रांच्या दिशेने झुकला.

दोराचे दुसरे टोक त्यांच्या पाठीमागे कुठेतरी होते.