आयती पानं

वेबसाइटची पानं झटकन उघडावीत म्हणून ती आधीच तयार करून ठेवणारं प्लगइन त्याने रक्ताचं पाणी करून लिहिलं होतं. खोलीवरच्या जिवलग मित्राने "जरा बघू दे की रे" म्हटल्यावर आढेवेढे न घेता देऊनही टाकलं. मित्र पुढे परगावी गेला, तो गेलाच.

काही वर्षांनी ऑफिसने तसलंच एक महागडं प्लगइन विकत घेतलं. शिकवायला त्या कंपनीचा मालक जातीने आला. पडद्यावर आपलाच कोड आणि समोर तोच मित्र बघून तो ताडकन उठला, "अरे, तू?"

साहेबांनी मालकाला विचारलं, "तुम्ही ओळखता याला?"

मित्राने त्याला नीट न्याहाळलं.


"नाही हो. माणूस ओळखण्यात यांची गल्लत झालेली दिसतेय."