कोरा टायर

"रोज गाडी कोण चालवतं?" टायरच्या दुकानदाराने विचारलं.

बाबा भिंतीवरच्या टायरांकडे बघत राहिले. दिवाळीपासून गाडी त्यांच्या हातून डावीकडे जात होती. परवा तर डेअरीच्या कट्ट्याला घासली, आई शेजारी बसलेली असताना. तेव्हापासून किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती.

"आता मीच चालवेन," मी म्हटलं.

दुकानदार पुढच्या डाव्या चाकाशी वाकला. "हा एकच टायर वेगळा कसा?"

"स्टेपनीचा आहे," बाबा म्हणाले. "गाडी घेतल्यापासून डिकीत कोराच पडून होता. वाया जाईल म्हणून दिवाळीत मीच पुढे बसवून घेतला."

"दिसतो कोरा, पण रबर वाळून कडक झालंय. गाडी डावीकडे ओढत असेल."

येताना ती माझ्याही हातून ओढत होती. मला वाटलं, सवय नाही म्हणून.

बाबांनी दोन्ही हात पुढे धरून उलटसुलट करून पाहिले. "मला वाटलं, हेच गेले," ते हळूच म्हणाले. मग दुकानदाराकडे वळले. "चारही एकसारखे द्या. रुंद-बिंद नकोत, गाडीच्या मापाचे. रोज हिच्या आईला व्यायामाला न्यायचं असतं."

टायर बसल्यावर मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि डावीकडचं दार उघडलं.

"जुने ठेवून घेऊ का?" दुकानदाराने विचारलं.

"तीन ठेवा. कोरा डिकीत टाका."

आज मी वाद घातला नाही.