तिसरं पिल्लू

दहावीत मला एक्क्याण्णव टक्के पडले, तेव्हा सफारी गाइड असलेले माझे बाबा म्हणाले, "माग, काय पाहिजे तुले?" मी लगेच म्हटलं, "कानफाटीची पिल्लं!" कानफाटी म्हणजे फाटक्या कानाची बिबट मादी. तिनं पिल्लं कुठे लपवली, हे फक्त बाबांना ठाऊक होतं. मोठमोठ्या साहेबांनी हात जोडले, तरी त्यांनी ती जागा कुणाला दाखवली नव्हती. मला मात्र पहाटे नेलं. "श्वाससुद्धा हळू घे," असं बजावलं. खडकाच्या कपारीतून एक, दोन, तीन डोकी बाहेर आली. मी फोटो काढला आणि आनंदाच्या भरात किंचाळलेच! "चूप वं, गुंजन!" बाबांनी माझं तोंड दाबलं. पण वर खडकावर कानफाटी उभी झाली होती, थेट आमच्याकडे बघत. परतताना बाबा एवढंच बोलले, "आता ती जागा बदलवते." त्याच संध्याकाळी ती एकेक पिल्लू तोंडात धरून डांबरी रस्त्यापलीकडे नेऊ लागली. दोन नेली. तिसरं थांबलंच नाही, आईमागे धावलं आणि ट्रकखाली आलं. वनरक्षकाचा फोन ठेवून बाबा खाली बसले. "माह्यामुळे झालं ना, बाबा?" "तू लहान आहे बेटा. मले तर समजत होतं ना." आज आठवा दिवस. बाबा सांगतात, कानफाटी रोज त्या रिकाम्या कपारीशी येते, आवाज देते. माझ्या मोबाईलमध्ये अजून तिघंही डोकावून राहिलेत.