सेलर्स फोर्कचे सहा जण

सेलर्स फोर्कच्या खोऱ्यातून फोन येऊन दहा-बारा दिवस झाले होते. लोरीनने पाचही लाइनींवर पुन्हा नजर टाकली. एकावर कचऱ्याच्या गाडीची तक्रार होती, दुसरीवर शिकारीच्या परवान्याची वाढलेली फी. तिसरीवर नेहमीचा तो माणूस होता, ज्याला राज्यपालांना घरी पाठवायचं होतं. सेलर्स फोर्कच्या तुटलेल्या पुलाबद्दल कोणी नव्हतं.

काचेपलीकडे बर्ल माइकपुढे बसून आमदारांशी बोलत होता. ‘बोला बिनधास्त’ हा रेडिओवरचा कार्यक्रम तो एकोणीस वर्षं चालवत होता. रोज सकाळी नऊ ते अकरा अख्खी काउंटी त्यावर भांडायची. फोन उचलायचा, नाव, गाव, विषय विचारायचा आणि टाइप करून बर्लच्या पडद्यावर पाठवायचा, हे लोरीनचं काम. नियम एकच होता. एका माणसाला आठवड्यातून एकच फोन. नाहीतर चार वाचाळ लोक कार्यक्रम गिळून टाकतील, असं बर्ल म्हणे. त्यात तो स्वतःच्या सासूलाही सूट देत नसे.

पुरात पुलाचा मधला खांब वाहून गेला त्याला तीन वर्षं झाली होती. चार मिनिटांची वाट आता डोंगराला वळसा घालून सत्तावीस मैलांची झाली होती. शाळेची बस, टपाल, अँब्युलन्स, सगळं वळशाने. तो विषय सेलर्स फोर्कच्या सहा जणांनी जिवंत ठेवला होता. मंगळवारी आर्ली, खाणीतून निवृत्त झालेला, दर वाक्याला खोकायचा. बुधवारी होबर्ट त्याची खिल्ली उडवायचा. त्या खेचराला काय कळतंय, म्हणायचा, आणि शेवटी मागायचा पूलच. शुक्रवारी घोगऱ्या आवाजाच्या ओपलबाई. त्या लोरीनला "बाळा" म्हणत आणि आमदारांना, तुझ्या आईला सांगेन, असा दम भरत. खोऱ्यात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून सगळे तिथल्या एकुलत्या दुकानातल्या फोनवरून बोलत. तो नंबर दिसला की लोरीन हसतच फोन उचलायची.

"तुम्हीच सांगा बर्ल," आमदार म्हणाले, "इतक्या दिवसांत तिकडून एक तरी फोन आला? लोकांना वळशाची सवय झालीय. गुरुवारी पुलांची यादी पक्की होतेय. जिथे मागणी, तिथे पूल."

 बर्लने कार्यक्रमातच फोर्कच्या लोकांना झाडलं. तीन वर्षं माझे कान खाल्लेत आणि नेमकं आता तोंडाला कुलूप? तो थांबला. लोरीनही थांबली. तो नंबर काही दिसला नाही.

जाहिराती सुरू झाल्यावर बर्लने हेडफोन टेबलावर टाकला.

"अगं, सहाचे सहा एकदम कसे थंड पडले?"

लोरीनने दुकानात तीनदा फोन लावून पाहिला होता. कोणी उचलत नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर तिने गाडी काढली.

तुटलेल्या पुलाच्या अलीकडून दुकानाचं छप्पर दिसत होतं. हाक मारली असती तर पोचली असती. तिला स्वतःला पोचायला तासाच्या वर गेला. एके ठिकाणी दरड, एके ठिकाणी सिग्नलशिवाय रस्त्याची एकच पट्टी चालू. वाटभर ती त्या सहाही जणांना मनातल्या मनात बोलून घेत होती.

दुकानात पन्नाशीची एक बाई फळीवरचे डबे खोक्यात भरत होती. तिचं नाव वर्ना. ती नदीच्या अलीकडे, लोरीनच्या बाजूच्या गावात राहायची. दुकान तिच्या वडिलांचं, एस्टिल यांचं. ते या महिन्यात गेले. छातीत कळ आल्यावर त्यांनीच मदतीसाठी फोन केला होता. अँब्युलन्सला यायला एक तास दहा मिनिटं लागली. एवढं सांगून वर्नाने लोरीनला स्टूल दिलं आणि कॉफी ओतली.

लोरीनने कप हातात घेतला. तिला वाईट वाटलं आणि, त्याची लाज वाटावी इतकं, हायसंही वाटलं. म्हणजे लोक थंड पडले नव्हते. दुकान बंद होतं, फोनपर्यंत कोणाला पोचता येत नव्हतं, एवढंच. एस्टिल तिला आठवेनात. इतकी माणसं त्यांच्या फोनवरून बोलली, ते स्वतः मात्र कधी बोलले नाहीत, असं ती म्हणाली.

"एकदा बोलले होते," वर्ना म्हणाली. "पूल गेला त्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर तुम्ही सांगितलंत, आता पुढच्या आठवड्यात."

लोरीनला ते आठवत नव्हतं. असं ती दिवसातून दहा जणांना सांगायची.

खोऱ्यात अजून किती घरं आहेत, तिने विचारलं. अकरा, वर्ना म्हणाली. बाबा दाराशी जाऊन एकेकाला सांगायचे, एक फोन करा. सगळे म्हणायचे, तीन वर्षं झाली, आता काय उपयोग.

"पण हे सहा तरी हटले नाहीत ना," लोरीन म्हणाली. तिने घड्याळ पाहिलं. यादीला दोन दिवस होते. "वर्ना, उद्या नऊला सगळ्यांना इथे जमवा. आर्ली, होबर्ट, ओपलबाई, राहिलेले तिघेही. मी एकामागून एक घेते. नियम गेला खड्ड्यात, बर्लचं मी बघते. सहाही आवाज एका सकाळी ऐकले की आमदारांना पळायला जागा उरणार नाही."

 वर्नाने भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला, लाइन चालू आहे का ऐकलं, आणि परत ठेवला.

"ओपलबाईंचा आवाज मी काढीन, बाबांना तो मीच शिकवला होता," ती म्हणाली. "बाकीचे पाच आवाज बाबांबरोबरच गेले."