मशीनरूममधली मुलाखत

अठरा कंपन्यांनी तिच्या अर्जाला उत्तरच दिलं नव्हतं. एकोणिसाव्या कंपनीनं इंटर्नशिपच्या मुलाखतीला बोलावलं. लिफ्ट बंद होती, म्हणून ती नऊ मजले चढून आली. अजून अर्धा तास होता. लिफ्टच्या वरच्या मशीनरूमचं दार उघडं दिसलं आणि तिला राहवेना. आत लिफ्टवाले काका ब्रेक खोलून बसले होते. "हा झिजलाय कशानं?" तिनं विचारलं. काका सांगत गेले, ती विचारत गेली. टॉर्चही तिनंच धरला. लिफ्ट सुरू झाली, तेव्हा मुलाखतीची वेळ टळली होती. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी." ती धावतच वर गेली. "काका, तुमच्या लिफ्ट कंपनीत इंटर्न घेतात?" "आजवर कुणी विचारलं नाही." काकांनी साहेबांना फोन लावला. "इंजिनिअरिंगची मुलगी आहे. डोकं खाते, पण कामाची आहे." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "साहेब विचारतायत, साइटवरच्या बुटांचा नंबर काय?"