मित्रत्वाची वर्षं

रडार विकणारा देश एकतीस वर्षं मित्र राहील, असा देशांच्या मैत्रीचं भाकीत करणाऱ्या यंत्राचा निकाल आला होता. मागच्या लढाईत एका मित्रदेशाने सुटे भाग अडवले आणि कर्नल वसुधा धारप यांच्या तुकडीतले अकरा जण गेले. तेव्हापासून यंत्राला विचारल्याशिवाय सरकार कुणाकडूनच शस्त्रं घेत नसे.

आता रडारची खरेदी वसुधाताईंच्याच हाती होती. त्या सही करणार, तोच समोर बसलेले त्या देशाचे राजदूत म्हणाले, "मॅडम, असं यंत्र आमच्याकडेही आहे. तुम्ही सहाच वर्षं मित्र राहाल, म्हणतं."

"मग विकता कशाला?"

"सहा वर्षांत माणसं बदलतात. भाकीतही बदलेल."

आपण कुणाला दगा देऊ, हे वसुधाताईंच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सहा वर्षांनी आम्ही असं काय करणार आहोत?" त्यांनी हळूच विचारलं.