गिल्बर्टचा वर्ग

दोन नोव्हेंबरला चर्चमध्ये मृतांच्या दिवसाची मिस्सा संपली, सगळी माणसं सिमेट्रीकडे वळली आणि लुसी रिक्षात बसली. गुडघा दुखतोय, घरी जाते, असं तिनं मार्विनला, आपल्या मुलाला, सांगितलं होतं. रिक्षावाल्याला मात्र तिनं मेडिकल कॉलेज सांगितलं. पिशवीत झेंडूची फुलं होती आणि मेणबत्त्या.

तिचा नवरा गिल्बर्ट एप्रिलमध्ये गेला. त्याच्याच इच्छेनं त्याचा देह कॉलेजला दिला. मार्विन तेव्हा खूप भांडला होता. वर्षातून एक दिवस जायला कबर तरी हवी, असं त्याचं म्हणणं. लुसीनंच त्याला गप्प केलं होतं. आज सकाळी शेजारणी कबरी धुवायला बादल्या घेऊन निघाल्या, तेव्हा तिला त्याचं म्हणणं कळलं.

शरीररचनाशास्त्र विभागाच्या दाराशी तिला थांबवलं. आतल्या औषधाच्या वासानं डोळे चुरचुरत होते. थोड्या वेळानं तिथं शिकवणाऱ्या डॉक्टर वैशाली बाहेर आल्या. त्यांनी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. आत कुणाला सोडता येत नाही, रसायनं असतात म्हणून मेणबत्तीही लावता येणार नाही, असं त्यांनी समजावलं. फुलं मात्र दोन्ही हातांनी घेतली.

गिल्बर्ट आत आहे का, एवढंच लुसीला हवं होतं. डॉक्टरांना ते सांगता येत नव्हतं. देह आत आला की त्याला नाव राहत नाही, त्या म्हणाल्या. स्नायू, नसा, अवयव मुलं या हॉलमध्ये शिकतात. पलीकडच्या खोलीत कातडीचे, काळजाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पोटात बाळ कसं घडतं, ते वरच्या मजल्यावर. डॉक्टर सांगत होत्या तसतशी लुसी त्या त्या दिशेला बघत राहिली.

तास सुटला. मुलं एप्रन काढत बाहेर आली. डॉक्टरांनी त्यातल्या एकीला हाक मारली आणि ओळख करून दिली. ही अक्षदा, पहिल्या वर्षाला आहे, कोपर गावाहून येते. या लुसीबाई, यांच्या घरून देहदान झालंय. ते ऐकून अक्षदा एकदम ताठ उभी राहिली.

"बस गो," लुसी म्हणाली. "आज काय शिकलीस?"

"हाताचा पंजा, आजी."

"मग मला पण शिकव."

अक्षदानं डॉक्टरांकडे पाहिलं. मग लुसीचा हात मांडीवर घेतला आणि त्यावरून बोट फिरवत सांगू लागली. अंगठ्याखालचा हा उंचवटा स्नायूंचा, यांच्यामुळे अंगठा बाकीच्या बोटांना टेकतो. या दोरीसारख्या कंडरा, बोटं मिटतात ती यांच्या ओढीनं. लुसीला नावं कळत नव्हती, पण तिनं हात काढून घेतला नाही. मासळीचं जाळं विणताना गिल्बर्ट सुई कशी धरायचा, ते तिनं दुसऱ्या हातानं दाखवलं. अक्षदानं आपली बोटं तशीच धरून पाहिली.

"एक विचारू?" लुसीचा आवाज बारीक झाला. "पोरं हसत तर नाय ना त्याला?"

अक्षदा खोटं बोलली नाही. पहिल्या दिवशी एक जण हसला होता, घाबरून. नंतर तोच बाहेर जाऊन रडला. आता रोज सुरुवात करण्याआधी सगळे टेबलाशी हात जोडून उभे राहतात, थँक्यू म्हणतात.

"पण तुमचे कुठले, ते आम्हाला माहीत नसतं, आजी."

"मोठ्यानं म्हणता?"

"नाही. हळूच."

लुसी उठली, पदर सारखा केला. दोन पावलं गेली आणि परत आली.

"मग सगळ्यांच्याच उजव्या कानाशी म्हणत जा," ती म्हणाली. "त्याला डाव्यानं ऐकायला येत नाय."